बुद्धिबळ महासंघाचं धोरण बदलायचंय? ठराव लिहिण्यापासून मतं मोजण्यापर्यंत

जिल्हा स्पर्धेची चौथी फेरी सुरू असताना हॉलबाहेर बसलेल्या पालकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘महासंघाला काही दिशाच राहिलेली नाही.’ असेलही तसं. पण या वाक्यावर मतदान घेता येत नाही. ते विषयपत्रिकेवर घालता येत नाही आणि हिशोबनिसाला त्यातून एक ओळही बदलता येत नाही. राग ठरावात कसा उतरवायचा, तो जिल्ह्यातून राज्यात आणि राज्यातून राष्ट्रीय सभेत कसा न्यायचा, कुठे अडतो आणि का अडतो, हे इथे सांगितलं आहे. उदाहरण आपल्याच अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचं घेतलं आहे. जिल्हा संघटनेचे सचिव, कार्यकारिणी सदस्य, प्रशिक्षक आणि सभासदत्व घेतलेले पालक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी भांडण सुटं करा

महासंघातले वाद तीन जातींचे असतात आणि तिन्हींचे दरवाजे वेगळे.

पहिला धोरणाचा. पैसा वरच्या खेळाडूंवर जास्त खर्च करायचा की जिल्ह्यांवर? वयोगट स्पर्धांत विशेष प्रवेश, म्हणजे राज्याच्या निवडीविना जादा शुल्क भरून मिळणारे, सगळे ज्याला ‘डोनर एंट्री’ म्हणतात, ते किती घ्यायचे? राष्ट्रीय संघ रेटिंगवर, म्हणजे निकालांवरून ठरणाऱ्या गुणांकावर, निवडायचा की राष्ट्रीय स्पर्धेतल्या क्रमांकावर? २०२४ मध्ये महासंघाने ६५ कोटी रुपयांचा आराखडा जाहीर केला. त्यात निवडक खेळाडूंशी करार होते, राज्य व जिल्हा संघटनांना साहाय्य होतं आणि देशाची स्वतःची रेटिंग पद्धतही होती. अशा आराखड्यात कुणाला किती, हा शुद्ध धोरणाचा प्रश्न. तो मतांनी सुटतो.

दुसरा हक्काचा. १९७६ मध्ये १३ वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी निर्णय दिला की, महिलांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. हा प्रश्न सभेत मताला टाकला असता तर? तेव्हाच्या सभागृहात कोण बसायचं याचा अंदाज केला की उत्तर मिळतं. हक्काची गोष्ट मतदानाला टाकायचीच नसते; हरलात तर हक्कच मताने गेला असं लोक म्हणू लागतात.

तिसरा खुर्चीचा : निवडणूक वैध होती का, पदाधिकाऱ्याची मुदत संपली का, मतदार यादीतलं नाव खरं का. हा वाद निर्वाचन अधिकाऱ्याकडे आणि तिथून न्यायालयात जातो.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तक्रार धोरणाची असते आणि पत्रात शेवटच्या परिच्छेदात ‘म्हणून अमुक यांनी राजीनामा द्यावा’ असं येतं. त्या एका ओळीमुळे, धोरणावर तुमच्याशी सहमत असलेले पण त्या व्यक्तीच्या गटातले सगळे प्रतिनिधी तुमच्या विरोधात जातात. धोरणाचा कागद आणि खुर्चीचा कागद वेगळे ठेवा. शक्यतो त्यावर सह्या करणारेही वेगळे असू द्यात.

मत कुणाच्या हातात आहे

खेळाडूला मत नाही. पालकाला नाही, प्रशिक्षकाला नाही, ग्रँडमास्टरलाही केवळ ग्रँडमास्टर म्हणून नाही. राष्ट्रीय सभेत मत देतात राज्य संघटनांचे प्रतिनिधी, प्रत्येक राज्याचे दोन. राज्याच्या सभेत मत असतं जिल्ह्यांच्या प्रतिनिधींना आणि जिल्ह्याच्या सभेत त्या संस्थेच्या सभासदांना. म्हणजे तुमचा हात पोहोचतो तो फक्त जिल्ह्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत. पुढचा सगळा प्रवास प्रतिनिधींच्या खिशातून.

त्यामुळे पहिलं काम दिल्ली किंवा चेन्नईला ई-मेल पाठवण्याचं नाही. जिल्हा संघटनेचं सभासदत्व घ्या, वर्गणी भरा, पावती जपून ठेवा आणि ‘मतदानास पात्र सभासद’ होण्यासाठी किती काळ सभासद असावं लागतं ते संस्थेच्या घटनेत पाहा. अनेक ठिकाणी वर्गणी थकली की मत जातं. सभेच्या दिवशी दारातच ‘तुमची मागची वर्गणी बाकी आहे’ असं ऐकावं लागणं फार खजील करणारं असतं.

घटना मिळवा आणि पाच गोष्टी खुणा करून ठेवा

महाराष्ट्रातली जिल्हा संघटना बहुधा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दुहेरी नोंदलेली असते. सचिवांनी घटना दिली नाही तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा. घटनेबरोबर परिशिष्ट १ चा उतारा जरूर मागा. त्यावर अधिकृत विश्वस्त कोण हे कळतं. सभेत डायसवर बसलेली माणसं आणि उताऱ्यावरची नावं वेगळी निघणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलाच नाही, किंवा त्यावर हरकत येऊन तो प्रलंबित राहिला, तर पुढे तुमच्या ठरावावर ‘ही सभा बोलावणारेच अधिकृत नाहीत’ असा आक्षेप येतो आणि चांगला ठराव फुकट जातो.

घटनेत या पाच जागा शोधा : सभेच्या सूचनेचे दिवस, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी), सभासदाने ठराव किती दिवस आधी द्यायचा, साध्या ठरावाला आणि घटनादुरुस्तीला लागणारं बहुमत, आणि ते बहुमत कशाचं मोजायचं. शेवटची जागा लोक वाचत नाहीत आणि तिथेच घसरतात. ‘उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या’ दोन तृतीयांश आणि ‘एकूण सभासदांच्या’ दोन तृतीयांश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तटस्थ राहणारा मोजलाच जात नाही. दुसऱ्यात तटस्थ माणूस आणि घरी बसलेला माणूस दोघेही विरोधातच धरले जातात.

राष्ट्रीय महासंघाची नोंदणी तमिळनाडूच्या १९७५च्या संस्था नोंदणी कायद्याखालची. तिथे उपविधी बदलायला विशेष ठराव लागतो : उपस्थित सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश, आणि तो मांडण्याचा इरादा सभेच्या सूचनेत आधीच लिहिलेला असला पाहिजे. आपल्याकडे १८६०च्या कायद्याखालच्या संस्थेला उद्दिष्टं बदलायची असतील तर तीन पंचमांश मतं लागतात, तीही दोनदा, महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन विशेष सभांत. म्हणून शक्य असेल तिथे घटनेला हात न लावता, नियमावलीतला बदल किंवा कार्यकारिणीला दिलेला निर्देश अशा रूपात ठराव मांडा. त्याला सहसा साधं बहुमत पुरतं.

बेरीज करायला शिका

जानेवारी २०२१ची निवडणूक हा या विषयाचा धडा आहे. एकूण ६४ मतं. अध्यक्षपदासाठी संजय कपूर ३३, व्यंकटराम राजा ३१. सचिवपदासाठी भरतसिंह चौहान ३५, महाराष्ट्राचे रवींद्र डोंगरे २९. अध्यक्षपदाच्या निकालात एका राज्याची दोन मतं इकडून तिकडे गेली असती तर आकडे नेमके उलटे झाले असते. एवढं एका राज्याच्या दोन माणसांचं वजन.

आणि ३५ मतं मिळूनही गोष्ट तिथे संपली नाही. चौहान आधीपासून सचिव होते आणि केंद्र सरकारच्या तेव्हाच्या क्रीडा संहितेप्रमाणे त्याच पदावर पुन्हा निवडून यायला दोन तृतीयांश मतं लागतात, असा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ६४ चे दोन तृतीयांश ४२.६७, म्हणजे ४३. जून २०२२ मध्ये न्यायालयाने ३५ अपुरे ठरवले. पण मामल्लपुरमचं बुद्धिबळ ऑलिंपियाड २८ जुलैला सुरू होणार होतं. सर्वोच्च न्यायालयाने चौहान यांना १५ ऑगस्टपर्यंत पदावर राहू दिलं. स्पर्धेची शेवटची फेरी ९ ऑगस्टला झाली.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. बहुमताचा अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा आणि तो आकडा सभेआधी कागदावर लिहून ठेवायचा. आणि मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा तोंडावर असताना ‘आहे तसं चालू द्या’ याकडेच सगळ्यांचा कल जातो. तेव्हा ऑलिंपियाडच्या आधीच्या दोन महिन्यांत नवा वाद उभा करू नका. दिलासा मिळायची शक्यता तेव्हा सगळ्यात कमी. आणखी एक, थोडं कडू : इतकी मोठी न्यायालयीन लढाई झाली, तरी डोनर एंट्रीचं शुल्क कुणाकडे जावं यावर तिने एक अक्षर सांगितलं नाही. न्यायालय खुर्ची कुणाची ते सांगतं. धोरण ठरवून देणं हे त्याचं काम नाही.

दिवस उलटे मोजा

ठराव राष्ट्रीय सभेत पोहोचायला किती वेळ लागतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. समजा, राष्ट्रीय सभेची सूचना २१ दिवसांची आणि विषयपत्रिका तयार होण्याआधी १५ दिवस ठराव हवा : ३६ दिवस. राज्य सभेची सूचना १४ दिवसांची, ठराव त्याआधी १५ दिवस, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत हाती यायला १० : आणखी ३९. जिल्ह्यात सूचना १४, ठराव ७ दिवस आधी, इतिवृत्ताला ७ : २८. एकूण १०३ दिवस, तेही एकही दिवस वाया न घालवता. दिवाळी, परीक्षा आणि सचिवांचा गावी गेलेला आठवडा धरून साडेचार महिने ठेवा. आकडे तुमच्या घटनेतले घाला; पद्धत हीच.

वेळ चुकली की लोक ‘ऐनवेळच्या विषयांत’ घुसवायचा प्रयत्न करतात. अध्यक्षांच्या परवानगीने तिथे आभाराचा किंवा अभिनंदनाचा ठराव चालतो. शुल्क, निवड, घटना असले विषय तिथे मंजूर करून घेतलेत तर गैरहजर सभासद ‘आम्हाला सूचनाच नव्हती’ म्हणून तो पाडू शकतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. तसंच गणपूर्तीअभावी तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी भरवलेल्या सभेचं. नेहमीचं कामकाज चालतं, पण घटनादुरुस्ती अशा सभेत करू नका, घटनेत तशी स्पष्ट मुभा असल्याशिवाय.

ठराव लिहिणं

एका ठरावात एकच मागणी. तीन मागण्या एकत्र बांधल्या की एकीला विरोध असणारा तिन्हींना विरोध करतो. आणि ठरावात या गोष्टी नसतील तर तो भाषणच राहतो : काय बदलायचं, किती पैशांचा प्रश्न, कधीपासून, जबाबदार कोण, आणि अंमलबजावणी झाली हे कळणार कसं.

असा काहीसा :

‘असे ठरविण्यात येते की, राष्ट्रीय वयोगट स्पर्धांमध्ये विशेष प्रवेशापोटी जमा होणाऱ्या शुल्कापैकी २५ टक्के रक्कम संबंधित खेळाडूच्या राज्य संघटनेकडे, त्या वयोगटाच्या प्रशिक्षण शिबिरासाठी, वर्ग करावी. हा नियम पुढील आर्थिक वर्षाच्या १ एप्रिलपासून लागू होईल. स्पर्धा संपल्यापासून ६० दिवसांत कोषाध्यक्षांनी राज्यनिहाय रकमेचे विवरण महासंघाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे. सूचक : … अनुमोदक : …’

सोबत एक पानाची टिपणी. तिच्यात गणित मांडा. समजा, एका स्पर्धेत १२० विशेष प्रवेश आणि प्रत्येकी ५,००० रुपये : ६ लाख. त्यातले २५ टक्के म्हणजे दीड लाख. आता महत्त्वाचं : हे दीड लाख आयोजकाच्या खिशातून जाणार आहेत. तो हॉल, पंचांचं मानधन, राज्यनिवड खेळाडूंची राहण्या-जेवणाची सोय यातून भागवत असतो. हे खिंडार कसं बुजवायचं ते तुम्ही लिहिलं नाहीत तर सभेत पहिला उभा राहणारा माणूस पुढच्या स्पर्धेचा आयोजक असेल, आणि बाकीचे त्याच्याकडे पाहून हात वर करतील. उत्तर काहीही असो, शुल्क थोडं वाढवा, महासंघाचा वाटा कमी करा किंवा यजमान राज्याला पहिल्या वर्षी सूट द्या. पण ते टिपणीत हवं.

आकडे कुठून आणायचे? संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल पहिला. तो धर्मादाय कार्यालयात दाखल होत असतो. राष्ट्रीय पातळीवर, वर्षाला १० लाख रुपये किंवा अधिक सरकारी अनुदान घेणाऱ्या क्रीडा महासंघांना केंद्राने २०१० मध्ये माहिती अधिकाराखाली आणलं. तो मार्ग वापरा. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘अमुक वर्षातील विशेष प्रवेश शुल्काची एकूण जमा रक्कम व तिच्या खर्चाचे तपशील’ असं विचारा. ‘का’ला उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं.

भाषा कोरडी ठेवा. ‘मनमानी’, ‘हुकूमशाही’, ‘दुकानदारी’ हे शब्द ठरावातून काढा. चहाच्या वेळी वापरा हवे तर.

मतं गोळा करणं

तीन रकाने आखा : नक्की, नाही, आणि विचारात. प्रत्येक नावापुढे तारीख आणि कुणी बोललं ते. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा हे मत नव्हे. फोनवरचं ‘बघू’ हा बहुधा नकार असतो, तो तिसऱ्या नव्हे दुसऱ्या रकान्यात घाला. जिंकायला लागणाऱ्या आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त ‘नक्की’ मिळेपर्यंत ठराव मांडायची घाई नको. कारण सभेच्या सकाळी कुणाची गाडी चुकते आणि कुणाला पद देऊ केलं जातं.

प्रतिनिधीचं अधिकारपत्र हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. ते कुणाच्या सहीने निघतं, अध्यक्षांच्या की सचिवांच्या, हे घटनेत पाहा. एकाच राज्यातून दोन गटांची दोन अधिकारपत्रं आली की निर्वाचन अधिकारी दोन्ही बाजूला ठेवू शकतो आणि त्या राज्याचं मतच जातं. ३३-३१ सारख्या लढतीत हे परवडत नाही. म्हणून प्रतिनिधी निवडीचा ठराव, त्या सभेची सूचना आणि हजेरीपट यांच्या प्रती अधिकारपत्राला जोडा. मतदार यादीचा मसुदा निघाला की त्याच दिवशी तपासा. हरकतीची मुदत फार लहान असते आणि ती गेल्यावर ‘माझं नाव चुकलं होतं’ हे कुणी ऐकत नाही.

विरोधी गटातल्या एखाद्याला अनुमोदक म्हणून मिळवता आलं तर त्याच्यासाठी ठरावातला एखादा आकडा खुशाल बदला. २५ चे २० टक्के झाले तरी चालेल. सूचक आणि अनुमोदक एकाच गटाचे असले की ठराव वाचण्याआधीच हात ठरलेले असतात.

सभेत

ठराव देताना पोहोच घ्या : दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही. ‘ठेवा टेबलावर, बघतो’ म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि ई-मेलनेही पाठवा.

बोलायला तीन मिनिटं धरा. पहिल्या मिनिटात ठराव वाचा, दुसऱ्यात आकडे, तिसऱ्यात आयोजकाच्या तोट्याचं उत्तर. इतिहास सांगत बसू नका. उपसूचना आली तर ती मूळ ठरावाच्या आधी मताला जाते हे लक्षात ठेवा. मूळ ठराव निकामी करणारी उपसूचना आणणं ही जुनी युक्ती आहे. ‘कार्यकारिणीने योग्य तो विचार करावा’ ही त्यातली सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. ती मान्य करायचीच असेल तर तीत ‘९० दिवसांत निर्णय घेऊन सभासदांना लेखी कळवावे’ एवढं घालून घ्या.

आवाजी मतदानाने ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ जाहीर झालं आणि शंका वाटली तर लगेच, पुढचा विषय पुकारण्याआधी, हात मोजण्याची मागणी करा. आकडे इतिवृत्तात लिहायला सांगा. हरलात तर विरोध नावानिशी नोंदवा. त्याच रात्री सचिवांना ई-मेल : ‘आजच्या सभेत विषय क्र. ६ वर पुढीलप्रमाणे मतदान झाले.’ इतिवृत्त कायम व्हायला पुढची सभा, म्हणजे कधीकधी वर्ष उजाडतं. तोवर स्मरणशक्ती सोयीस्कर होते.

हरल्यानंतरचे दरवाजे

प्रक्रियेत खोट असेल, जसं सूचना मिळाली नाही, गणपूर्ती नव्हती किंवा यादी चुकीची होती, तर जिल्हा-राज्याबाबत धर्मादाय आयुक्तांकडे हरकत घेता येते. राष्ट्रीय पातळीवर आता २०२५चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आहे. त्यात कार्यकारिणीला १५ सदस्यांची मर्यादा, किमान चार महिला, किमान दोन नामवंत खेळाडू, अंतर्गत तंटा निवारण समिती आणि वर राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण अशी रचना आहे. अर्ज करण्याआधी तुम्हाला लागणारं कलम अमलात आल्याची अधिसूचना पाहा आणि तिचा क्रमांक अर्जात लिहा. संसदेने कायदा मंजूर केला म्हणजे प्रत्येक कलम त्या दिवशी जिवंत झालं असं नसतं. खेळाडूंना धोरणात जागा हवी असेल तर कार्यकारिणीतल्या या आरक्षित जागा धरा. ठरावापेक्षा ते कधीकधी सोपं पडतं.

जागतिक महासंघाकडे धाव घेण्याचा मोह आवरा. तो एका देशातली एकच संघटना मानतो आणि अंतर्गत धोरणाच्या भांडणात पंच होत नाही.

समांतर संघटना काढणं हा सगळ्यात महागडा मार्ग, आणि त्याची किंमत मुलं मोजतात. रेटिंगची स्पर्धा राष्ट्रीय महासंघामार्फतच नोंदली जाते, किताबाचे अर्ज तिथूनच जातात. महासंघाच्या परवानगीविना झालेल्या स्पर्धांत खेळल्याबद्दल आपल्याकडे खेळाडूंवर बंदी आली, रेटिंगवर गदा आली. प्रकरण २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, गेलं. आयोगाने जुलै २०१८ मध्ये महासंघाने वर्चस्वाचा गैरवापर केल्याचं ठरवून सुमारे ६.९२ लाखांचा दंड केला. खेळाडूंची बाजू बरोबर ठरली, पण सात वर्षांनी. दहा वर्षांचं पोर तोवर सतरा वर्षांचं होतं.

तेव्हा पडलेला ठराव पुढच्या वर्षी पुन्हा आणायचा. त्यासाठी चार कागद एका फायलीत ठेवा : पोहोच असलेली ठरावाची प्रत, मतदानाच्या आकड्यांचा त्या रात्रीचा ई-मेल, तीन रकान्यांची यादी, आणि विरोधात बोललेल्या प्रत्येकाचा नेमका आक्षेप. पुढची टिपणी या शेवटच्या कागदावरून लिहायची. काही घटनांत तोच ठराव ठरावीक काळ पुन्हा आणता येत नाही, सहा महिने किंवा एक वर्ष. ती मुदत कधी संपते ती तारीख फायलीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा.